राजदंड आणि क्रूस : साष्टीच्या इतिहासांतील चारशें वर्षें

तलवारीनें मुलूख जिंकतां येतो. परंतु जिंकलेला मुलूख पिढ्यान् पिढ्या राखावयाचा असेल तर 'हा अधिकार तुम्हांस कोणीं दिला?' या प्रश्नाचें उत्तर राजाजवळ तयार असावें लागतें. रयत हा प्रश्न मोठ्यानें विचारीत नाहीं. पण शेजारचा राजा विचारतो, घरांतला भाऊबंद विचारतो, आणि कधीं कधीं राजाचें स्वतःचें मनहि विचारतें. युरोपांतील राजांनीं जवळ जवळ हजार वर्षें या प्रश्नाला एकच उत्तर दिलें : हा अधिकार ईश्वरानें दिला. तें उत्तर त्यांच्या नाण्यांवर कोरलेलें असे, त्यांच्या सनदांच्या पहिल्या ओळींत लिहिलेलें असे, आणि राज्यारोहणाच्या वेळीं धर्मगुरु त्यांच्या मस्तकीं जें पवित्र तेल लावीत त्या विधींतहि तें सांगितलेलें असे.

हा विषय दूरच्या खंडाचा वाटतो. परंतु त्याचा एक अध्याय मुंबईच्या उपनगरांत लिहिला गेला आहे. बोरिवलीच्या पश्चिमेस मंडपेश्वरचीं लेणीं आहेत. हजार-बाराशें वर्षांपूर्वीं नव्हे, त्याहूनहि आधीं हें शिवालय खडकांत कोरलें गेलें. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनीं त्याच लेण्याचें चर्च केलें आणि वरच्या टेकडीवर मठ उभारला. मराठ्यांच्या विजयानंतर तेथें पुन्हां शंकराची उपासना सुरू झाली. लेण्याच्या एका भिंतीवर क्रूस कोरलेला आहे आणि आंत नटराज आहे. टेकडीवर मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. एकाच खडकावर इतके थर कां बसले, याचें उत्तर शोधूं लागलें कीं वाट थेट लिस्बनच्या राजवाड्यापर्यंत आणि रोमच्या पोपपर्यंत जाते.

धर्मानें राजसत्तेला पावित्र्य देण्याची युरोपांतील रीत पुरातन आहे. इ. स. ८०० च्या नाताळांत रोम येथें तिसऱ्या लिओ पोपनें शार्लमेनच्या मस्तकावर सम्राटाचा मुकुट ठेवला. फ्रान्सच्या राजांना रीम्स येथें ज्या तेलानें अभिषेक होई, तें तेल एका कबुतरानें स्वर्गांतून आणलें होतें अशी लोकांची श्रद्धा होती. राजाच्या हस्तस्पर्शानें गंडमाळा बऱ्या होतात असें इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांत मानलें जाई, आणि रोगी रांगा लावून राजवाड्यापुढें उभे राहत. सामान्य माणसाला कायद्याचीं कलमें समजत नाहींत. पण ज्याच्या हाताला गुण आहे तो माणूस ईश्वराचा लाडका असला पाहिजे, हें त्याला सहज समजतें.

परंतु या शस्त्राला दोन धारा होत्या. जो धर्मगुरु मुकुट ठेवतो तो मुकुट काढूनहि घेऊं शकतो. १०७७ च्या हिंवाळ्यांत सम्राट चवथा हेन्री याला सातव्या ग्रेगरी पोपच्या क्षमेसाठीं कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फांत तीन दिवस तिष्ठत उभें राहावें लागलें. पुढें पोपची मध्यस्थी नको असलेल्या राजांनीं सिद्धांत काढला कीं राजाला अधिकार परस्पर ईश्वराकडूनच मिळतो, मध्यें कोणी नाहीं. इंग्लंडचा पहिला जेम्स या मताचा मोठा पुरस्कर्ता. त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला आणि १६१० सालीं पार्लमेंटपुढें तेंच प्रतिपादन केलें. त्याच्याच मुलाला, पहिल्या चार्ल्सला, १६४९ सालीं प्रजेनें वधस्तंभावर नेलें, आणि नेणारे लोकहि बायबलांतील वचनेंच उच्चारीत होते. ईश्वराची साक्ष एकदां दरबारांत आणली कीं ती साक्ष दोन्ही पक्षांना काढतां येते.

राजाला धर्मविधीनें प्रतिष्ठा देण्याची कल्पना हिंदुस्थानालाहि परकी नव्हती. १६७४ सालीं रायगडावर शिवाजी महाराजांनीं गागाभट्टांच्या हातून वैदिक राज्याभिषेक करवून घेतला, तो आपल्या स्वराज्याला सर्वमान्य अधिष्ठान लाभावें म्हणूनच. भेद होता तो व्यवस्थेचा. येथें राजे अनेक, पंथ अनेक आणि आचार्य अनेक. सर्वांच्या वर एका गादीवर बसून पृथ्वीचे वाटे करून देणारा धर्माधिकारी येथें नव्हता. युरोपांत तो होता, आणि पोर्तुगालच्या राजांनीं त्याच्याकडून आपल्या नांवें जो कागद करून घेतला त्या कागदाची छाया साष्टीवर पडली.

तो कागद म्हणजे एकच दस्तऐवज नव्हे. पोपच्या आज्ञापत्रांची ती एक मालिकाच होती. १४५५ सालीं पांचव्या निकोलस पोपनें पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यानें पुढें सांपडणाऱ्या मुलखांवर जयाचा व व्यापाराचा अनन्य हक्क बहाल केला, आणि त्याबरोबर तेथें देवालयें स्थापण्याचा व धर्मगुरु पाठविण्याचा अधिकारहि दिला. १४९४ च्या तोर्देसिल्यासच्या तहानें स्पेन व पोर्तुगाल या दोन राज्यांनीं नव्या जगाची वांटणी करून घेतली. ज्यांचे मुलूख वांटले गेले त्यांना या वांटणीची वार्ताहि नव्हती. १४९८ त वास्को द गामा कालिकतला पोंचला; तो परत येतांच राजा दों मानुएल यानें इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी असें बिरुद धारण केलें. त्या वेळीं हिंदुस्थानांत त्याच्या मालकीची हातभरहि जमीन नव्हती. बिरुद आधीं आलें, मुलूख मागाहून. आणि बिरुदाला आधार होता पोपच्या आज्ञापत्रांचा.

या सर्व हक्कांना मिळून 'पाद्रोआदो' असें नांव पडलें. त्याचा अर्थ धर्मसंस्थेचें पालकत्व. देवालयें बांधावीं, पाद्र्यांचे पगार द्यावे, त्यांना आपल्या गलबतांतून न्यावें, हें राजाचें कर्तव्य. आणि बिशप कोण व्हावा हें सुचवावें, धर्मपट्टीचें उत्पन्न गोळा करावें, आपल्या परवानगीवांचून एकाहि पाद्र्याला पूर्वेकडे जाऊं न द्यावें, हा राजाचा हक्क. पोपला आयताच प्रचारक मिळाला आणि राजाला आयतें समर्थन मिळालें. व्यवहार दोघांच्याहि सोयीचा होता. निदान आरंभीं तरी तसा वाटला.

१५३४ या एका वर्षाच्या अखेरीस तीन घटना घडल्या. ३ नोव्हेंबरला तिसऱ्या पॉल पोपनें गोव्याचें बिशपपीठ स्थापन केलें. त्याच्या अधिकाराची कक्षा केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत ठरली. त्याच सुमारास लंडनमध्यें आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटनें कायदा करून राजाला इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा सर्वश्रेष्ठ अधिपति ठरविलें. आणि २३ डिसेंबरला, हुमायूनच्या भयानें गांजलेल्या गुजरातच्या सुलतान बहादुरशहानें वसईचा तह करून वसई, साष्टी आणि मुंबईचीं बेटें पोर्तुगीजांच्या हवालीं केलीं. पुढें याच भूमीवर ज्या दोन राजसत्ता एकामागून एक आल्या, त्यांपैकीं एकीनें पोपच्या हातून धर्माचा अधिकार घेतला होता आणि दुसरीनें पोपच्या हातून तो हिसकावून घेतला होता. गमतीची गोष्ट अशी कीं याच हेन्रीला तेरा वर्षांपूर्वीं, १५२१ सालीं, लूथरविरुद्ध ग्रंथ लिहिल्याबद्दल पोपनेंच 'धर्मरक्षक' ही पदवी दिली होती. पोपशीं वैर झालें तरी हेन्रीनें पदवी सोडली नाहीं. ती आजहि ब्रिटनच्या राजाच्या बिरुदावलींत आहे.

साष्टी म्हणजे सहासष्ट गांवांचा प्रदेश. आजचीं वांद्रें, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि ठाणें हीं सर्व त्या बेटावरचीं. कोळी, कुणबी, भंडारी, आगरी अशा कष्टकरी लोकांचा हा भातशेतीचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा मुलूख. पोर्तुगीजांनीं गांवें आपल्या सरदारांना ठराविक सारा घेऊन लष्करी चाकरीच्या बोलीनें वांटून दिलीं. त्या साऱ्याला 'फोरो' म्हणत. जमिनीवरचा अंमल असा बसला. मनावरचा अंमल बसविण्याचें काम पाद्र्यांकडे आलें.

वसई परगण्यांत हें काम करणाऱ्यांत फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो हा प्रमुख होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास त्यानें मंडपेश्वरच्या लेण्याचें चर्च केलें. कान्हेरीच्या मोठ्या बौद्ध चैत्यगृहांतहि ख्रिस्ती उपासना होऊं लागली. मरोळजवळ कोंदिता गांवीं जेझुइटांनीं १५७९ त सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च बांधलें. १८४० च्या सुमारास रोगाच्या सांथीमुळें तें ओस पडलें, आणि त्याचे अवशेष आज अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-क्षेत्राच्या आवारांत आहेत. सांताक्रूझ या उपनगराचें नांवच 'पवित्र क्रूस' या अर्थाचें आहे.

मूर्ति फुटल्या, देवळें पडलीं, हें सर्वांस दिसतें. परंतु राजसत्तेच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट दप्तरांत घडत होती. पूर्वीं देवळाच्या दिवाबत्तीसाठीं आणि पुजाऱ्यांच्या निर्वाहासाठीं ज्या जमिनी लावून दिलेल्या होत्या, त्यांचें उत्पन्न राजाज्ञेनें चर्च व मठ यांच्याकडे वळविण्यांत आलें. गोव्यांत १५४१ पासून हा क्रम सुरू झाला आणि मंडपेश्वरच्या देवस्थानचें उत्पन्नहि याच रीतीनें तेथील मठाच्या खर्चीं पडलें. १५४६ सालीं राजा तिसरा जुवांव यानें आपल्या हिंदुस्थानांतील गव्हर्नराला मूर्तिपूजा बंद करण्याविषयीं आणि नव्या ख्रिस्ती प्रजेस सवलती देण्याविषयीं आज्ञा पाठविल्या. १५६० त गोव्यास धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसलें. त्याचा हात वसई-साष्टीपर्यंत पोंचत असे आणि १८१२ त तें कायमचें बंद होईपर्यंत त्याचा धाक राहिला.

बाप्तिस्मा घेणारांचीं कारणें एकसारखीं नव्हतीं. कोणी भीतीनें घेतला, कोणी साऱ्याच्या सुटीसाठीं किंवा नोकरीसाठीं, कोणी जातीच्या जाचांतून सुटण्यासाठीं, आणि कोणी मनापासूनहि घेतला. राजाच्या हिशेबीं मात्र या सर्वांचा अर्थ एकच होता. प्रत्येक नवा ख्रिस्ती म्हणजे पोपनें दिलेल्या अधिकाराचा एक जिवंत पुरावा. देवालयाचा घंटानाद राजाची दवंडी ठरला, आणि चर्चमध्यें राजासाठीं होणारी प्रार्थना ही राजनिष्ठेची नित्याची शपथ ठरली.

आतां या शस्त्राची दुसरी धार. धर्माच्या आधारानें सत्ता मिळविणाऱ्या राजाला धर्माचा मुख्य अधिकारी विरुद्ध गेला तर काय करावें, हा प्रश्न लवकरच आला. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचें राज्य स्पेनच्या राजांकडे होतें. १६२२ सालीं पंधराव्या ग्रेगरी पोपनें धर्मप्रसाराचें काम राजांच्या हातून सोडवून स्वतःच्या देखरेखीखालीं आणण्यासाठीं 'प्रोपागांदा फिदे' ही संस्था रोममध्यें स्थापिली. पाद्रोआदो आणि प्रोपागांदा, राजाचा पाद्री आणि पोपचा पाद्री, असा वाद तेव्हांपासून सुरू झाला.

या वादाचा पहिला बळी एक गोमंतकीय होता. दिवाडी बेटावर ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेल्या मातेउश द काश्त्रो याला गोव्याच्या आर्चबिशपनें धर्मदीक्षा नाकारली. तो रोमला गेला, तेथें शिकला, धर्मगुरु झाला, आणि १६३७ त प्रोपागांदानें त्याला बिशप करून आदिलशाही मुलखाचें धर्माधिकारपद दिलें. पोर्तुगीजांनीं त्याचा अधिकार मानला नाहीं. राजाच्या शिफारशीवांचून नेमलेला बिशप त्यांच्या लेखीं बिशपच नव्हता. मातेउशनें डिचोलीस, आदिलशाहीच्या हद्दींत, आपलें ठाणें केलें. ज्या राजानें हिंदी माणसाला ख्रिस्ती करणें हें आपलें ईश्वरदत्त कर्तव्य म्हणून जगाला सांगितलें, त्याच राजाच्या अधिकाऱ्यांना हिंदी माणूस ख्रिस्ती बिशप झालेला खपला नाहीं. धर्म हें साध्य होतें कीं साधन, याची परीक्षा अशा प्रसंगींच होते.

१६४० सालीं पोर्तुगालनें स्पेनचें जूं झुगारलें आणि चवथा जुवांव राजा झाला. स्पेनच्या दडपणामुळें रोमनें त्याला राजा म्हणून मान्यता दिली नाहीं, आणि पुढें कित्येक वर्षें पोर्तुगालचीं बहुतेक बिशपपदें रिकामीं पडलीं. पोपची मोहोर मिळेना, तेव्हां जुवांवनें त्याहून वरचा आधार शोधला. १६४६ त त्यानें निष्कलंक गर्भसंभवा मरियेला राज्याची पालक म्हणून घोषित करून आपला मुकुट तिच्या चरणीं वाहिला. त्यानंतर पोर्तुगालच्या राजांनीं मस्तकीं मुकुट धारण करूं नये असा संकेत पडला. मुकुट देवमातेचा, राजा केवळ तिचा कारभारी! मुकुट सोडून देऊन मुकुटाचा हक्क पक्का करण्याची ही युक्ति मोठी विलक्षण खरी. मरियेच्या याच नांवाचें चर्च आज मंडपेश्वरजवळ आहे, आणि त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरूनच तेथील वस्तीला आय. सी. कॉलनी म्हणतात.

स्पेनविरुद्ध इंग्लंडचें साहाय्य हवें म्हणून याच राजघराण्यानें आपली कन्या कातेरिना हिचा विवाह इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशीं ठरविला. २३ जून १६६१ च्या विवाहतहानें मुंबई बेट आंदणांत गेलें. तेथील कॅथॉलिक रहिवाशांस आपला धर्म मोकळेपणीं पाळतां येईल असें तहांत आश्वासन होतें. म्हणजे पोपला न मानणारा राजा पोपला मानणाऱ्या प्रजेचा धनी झाला, आणि तिच्या धर्माची हमी घेऊन झाला. गोव्याचा पोर्तुगीज कारभारी आंतोनियो द मेलु द काश्त्रो यानें बेट देण्यास होतां होईल तेवढा विलंब लावला. शेवटीं फेब्रुवारी १६६५ मध्यें हंफ्री कुकनें ताबा घेतला. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली.

हा दुसरा चार्ल्स म्हणजे वधस्तंभावर गेलेल्या राजाचा मुलगा. गेलेलें राज्य परत मिळाल्यामुळें ईश्वरी अधिकाराचें प्रदर्शन त्याला अधिकच आवश्यक वाटलें असावें. त्याच्या कारकीर्दींत नव्वद हजारांहून अधिक रोग्यांना त्यानें हस्तस्पर्श केल्याचें नमूद आहे. अशा या दैवी राजानें १६६८ सालीं मुंबई बेट वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलें. पोर्तुगीजांनीं जी भूमि ख्रिस्ती धर्माच्या नांवानें घेतली, ती विवाहांत दिली गेली आणि खंडानें व्यापाऱ्यांच्या हातीं पडली. या प्रवासांत तेथील रयतेला कोणी एका शब्दानेंहि विचारलें नाहीं.

कंपनी व्यापारी असली तरी राजकारण ओळखीत होती. मुंबईचे फ्रान्सिस्कन पाद्री पोर्तुगालच्या राजाशीं निष्ठा ठेवून आहेत असा संशय आल्यावरून १७२० त गव्हर्नर बून यानें त्यांना बेटाबाहेर काढलें आणि चर्चें प्रोपागांदाच्या कार्मेलाइट पाद्र्यांकडे सोंपविलीं. कंपनीला उपासनेच्या मतभेदाशीं कर्तव्य नव्हतें. व्यासपीठावरून कोणत्या राजासाठीं प्रार्थना होते, एवढेंच तिला पाहावयाचें होतें.

साष्टींत याहून मोठा पालट सतरा वर्षांनीं झाला. धर्माच्या जाचानें आणि साऱ्याच्या ओझ्यानें गांजलेल्या लोकांचीं गाऱ्हाणीं पेशव्यांपर्यंत पोंचविण्यांत अंजूरच्या नाईक घराण्यानें, विशेषतः गंगाजी नाईकांनीं, पुढाकार घेतला. १७३७ च्या मार्चमध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें, साष्टी हातीं आली, आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढें वसईनें शरणागति पत्करली. वसईच्या चर्चांतील घंटा विजयचिन्हें म्हणून निरनिराळ्या देवस्थानांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील आणि भीमाशंकरची, अशा दोन पोर्तुगीज घंटा आजहि पाहावयास मिळतात. राजाची दवंडी वाजविणारी घंटा शंकराच्या दारीं वाजूं लागली. हाहि धर्माच्या भाषेंत केलेला राजकीय उच्चारच होता, आणि तो सर्वांना समजला.

परंतु या विजयाची दुसरी बाजू विशेष स्मरणीय आहे. जे ख्रिस्ती मागें राहूं इच्छीत होते त्यांना शरणागतीच्या अटींप्रमाणें आपल्या धर्माची मोकळीक देण्यांत आली. युरोपियन पाद्री निघून गेले. कित्येक देवालयें मोडलीं, कित्येक ओस पडलीं. पोर्तुगीज राजाचा किल्ला गेला, सारा गेला, न्यायालय गेलें आणि धाक गेला. जो राजा आपल्यावांचून येथें धर्म टिकणार नाहीं असें दोनशें वर्षें सांगत आला होता, त्याच्या म्हणण्याची आतां खरी कसोटी होती. साष्टीचे ख्रिस्ती काय करतील? ते काल बाप्तिस्मा घेतलेले नव्हते. त्यांच्या सात-आठ पिढ्या झाल्या होत्या. भूमिपुत्र धर्मगुरूंनीं उरलेलीं देवालयें सांभाळलीं, बाप्तिस्मे दिले, लग्नें लावलीं, प्रेतें पुरलीं. लोकांची बोली मराठी राहिली, लग्नाचीं गाणीं मराठींत राहिलीं, शेतीचा हंगाम आणि ओळखीचे कितीतरी आचार तेच राहिले. आणि त्याबरोबर क्रूसहि राहिला. भीतीनें किंवा लाभानें आलेली गोष्ट तेव्हांपावेतों घरची झाली होती. राजाचा आधार गेला आणि धर्म पडला नाहीं. पोर्तुगालच्या राजाला धर्माची गरज होती. धर्माला राजाची गरज नव्हती, हें साष्टीच्या साध्या शेतकऱ्यांनीं आणि कोळ्यांनीं सिद्ध केलें.

ही गोष्ट लिस्बनला मात्र मान्य झाली नाहीं. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. पोर्तुगालकडे आतां येथें हातभर जमीन नव्हती. दों मानुएलच्या वेळची स्थिति पुन्हां आली होती. तरी बिरुद शिल्लक होतें, आणि येथील धर्मगुरु नेमण्याचा हक्क आपला आहे हा आग्रहहि शिल्लक होता. मुंबईचीं चर्चें १७८९ त पोर्तुगालच्या विनंतीवरून गोव्याच्या आर्चबिशपकडे गेलीं, पुढें परत फिरलीं, आणि अखेर १७९४ त कंपनीनें व्यापारी पद्धतीनें वाद मिटविला : निम्मीं पाद्रोआदोला, निम्मीं प्रोपागांदाला. एकाच शहरांत, एकाच धर्माच्या, एकाच पंथाच्या लोकांवर दोन धर्माधिकारी अंमल करूं लागले. १८३८ त सोळाव्या ग्रेगरी पोपनें ब्रिटिश मुलखांतील पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. गोवेकर पक्षानें तें आज्ञापत्र मानण्याचें नाकारलें. १८५३ सालीं माहीमच्या सेंट मायकेल चर्चवरून तंटा इतका पेटला कीं बिशप हार्टमन आपल्या अनुयायांसह आंत ठाण मांडून बसले आणि बाहेरून वेढा पडला. शेवटीं सरकारी हुकुमानें चर्च गोवेकर पक्षाकडे गेलें. घरोघरीं भाऊ भावापासून दुरावले. कोणाच्या लग्नाला कोणता पाद्री, कोणाचें प्रेत कोणत्या स्मशानांत, असे प्रश्न उभे राहिले. राजाच्या अधिकाराचा वाद अखेर रयतेच्या ओटीवर येऊन बसला.

इंग्रजांची रीत या बाबतींत अधिक धूर्त ठरली. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्यांत व्हिक्टोरिया राणी 'ईश्वरकृपेनें' राणी होती आणि 'धर्मरक्षक'हि होती. ख्रिस्ती धर्मावरील आपला विश्वास तिनें स्पष्ट सांगितला, आणि लगेच तो प्रजेवर लादण्याचा हक्क व इच्छा दोन्ही नाकारलीं. साष्टीच्या ख्रिस्ती समाजानेंहि काळ ओळखला. राणीच्या पन्नासाव्या राज्यवर्षाच्या उत्सवप्रसंगीं, १८८७ त, या लोकांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें, कारण गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती बांधवांपासून आपण वेगळे आणि कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहों हें त्यांना दाखवावयाचें होतें. ज्यांच्या पूर्वजांना एका राजानें आपल्या अधिकाराचें साधन केलें, त्यांनीं आतां दुसऱ्या राजसत्तेचें नांव आपल्या उपयोगासाठीं वापरलें. सत्तेची विद्या प्रजाहि शिकते ती अशी.

१८८६ च्या रोम-पोर्तुगाल करारानें मुंबईस आर्चबिशपपीठ आलें, पण साष्टीचीं बहुतेक चर्चें पोर्तुगालच्या पालकत्वाखालील दमणच्या बिशपकडे राहिलीं. १९१० च्या ऑक्टोबरमध्यें पोर्तुगालांत क्रांति होऊन राजपदच नष्ट झालें, आणि पुढच्याच वर्षीं नव्या प्रजासत्ताकानें कायद्यानें राज्य व धर्मसंस्था यांची फारकत केली. राजा गेला, राजधर्म गेला. परंतु राजाचा हक्क गेला नाहीं! १९२८ च्या करारानें दमणचें पीठ मोडून साष्टीचीं चर्चें मुंबईच्या पीठाकडे आलीं आणि मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीनें एकदां पोर्तुगीज व एकदां ब्रिटिश असावा असें ठरलें. त्याप्रमाणें जुवाकीम लिमा हे पोर्तुगीज गृहस्थ आणि त्यांच्यामागून थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज गृहस्थ त्या गादीवर आले. ईश्वराच्या नांवानें राजाला दिलेला अधिकार आतां ईश्वराचें नांव न घेणाऱ्या प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाच्या हातीं होता. मूळ कारण नाहींसें झालें तरी त्यावर उभारलेला हक्क किती काळ चालू राहतो, याचें याहून नामी उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर ही व्यवस्था टिकणें शक्य नव्हतें. १८ जुलै १९५० रोजीं रोम व पोर्तुगाल यांच्यांत करार होऊन पोर्तुगालनें हा हक्क सोडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले हिंदी आर्चबिशप झाले. १९५३ त ते पहिले हिंदी कार्डिनलहि झाले. मातेउश द काश्त्रोला जी मान्यता आपल्या घरीं मिळाली नाहीं, ती मिळण्यास तीनशें तेरा वर्षें लागलीं.

वसईच्या तहापासून या करारापर्यंत चारशें सोळा वर्षें होतात. या अवधींत साष्टीवर सुलतानाचा, पोर्तुगालच्या राजाचा, स्पेनच्या राजाचा, छत्रपतींच्या पेशव्यांचा, कंपनीचा आणि ब्रिटिश बादशहाचा अंमल होऊन गेला. प्रत्येकानें आपल्या सत्तेमागें दैवताची साक्ष उभी केली. राजांना देवालयाची भिंत आधाराला लागत होती. पण भिंतीला राजांचा आधार लागला नाहीं. मंडपेश्वरच्या लेण्यांत नटराज आहे, त्याच्या सान्निध्यांत क्रूसहि आहे, आणि टेकडीच्या पायथ्याशीं दोन्ही दैवतांचे भक्त नित्याच्या व्यवहारांत एकमेकांचे शेजारी आहेत. तेथें कोठेंहि नाहींत ते फक्त त्या दैवतांचे स्वयंघोषित मुखत्यार.